बुटक्या फक्त रविवारी चालतो

शेडचं दार ढकललं की आधी वास येतो. डिझेलचा, जुन्या ग्रीसचा, आणि त्याच्याखाली कुठेतरी केळीच्या वाळलेल्या पानांचा, जरा गोडसर, जरा कुजका. धुळ्याला होस्टेलमध्ये अभ्यासाला बसले की कधीकधी मला हा वास उगाच येतो. खोलीतल्या मुली म्हणतात, आम्हाला तर नाही येत. मग मी गुपचूप स्वतःच्या बोटांचा वास घेऊन बघते.

आज शनिवार आहे. धुळ्याहून अमळनेर, अमळनेरहून चोपड्याची एसटी, पुढे काळीपिवळी, आणि फाट्यापासून गावापर्यंत पायी. पाठीवरची बॅग अजून उतरवलेली नाही. घरात जायच्या आधी मी इथे येते, दर शनिवारी. आई ओट्यावरून म्हणते, "पहिले तोंड धोय, चहा पी," आणि मी म्हणते, "येसू, बुटक्याले पुसी लेसू जराशी." तीन वर्षांत या बोलण्यात फरक पडलेला नाही. आई पुन्हा कधी विचारत नाही की पुसायला एवढा वेळ कशाला लागतो.

बॅगेत एक कागद आहे. नागपूरला एम.एस्सी.साठी माझा नंबर लागलाय. मुलींच्या होस्टेलच्या अर्जावर पालकांची सही लागते, आणि सही केलेला अर्ज सोमवारपर्यंत मोबाइलवरून पाठवायचा आहे. नागपूरहून दर शनिवारी येता येणार नाही. एवढी साधी गोष्ट मला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायची आहे. पण ती सांगायची तर दुसरी एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी सहा वर्षं कोणाला सांगितलेली नाही.

बुटक्या समोर उभा आहे. गोणपाट पांघरून, पुढची दोन चाकं जरा वाकडी करून. काही बोलायचं असलं की आबाही असेच मान तिरकी करून उभे राहतात.

*

बुटक्या म्हणजे आमचा ट्रॅक्टर. त्याला ट्रॅक्टर म्हणायचं की नाही यावर गावात माझ्या जन्माआधीपासून वाद आहे. त्याचं बॉनेट माझ्या कमरेपर्यंत येतं. पुढची चाकं हातगाडीला शोभतील एवढी. सीट लोखंडी, परातीसारखी खोलगट, तिला गोल भोकं, उन्हाळ्यात बसलं की भोकांचे शिक्के पाठीमागे उठतात. इंजिन एकाच सिलिंडरचं, आणि चालू करायला बटण नाही, पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागतं. कंपनीचं नाव असलेली पत्र्याची पट्टी होती म्हणतात, पण मी कधी पाहिली नाही. तिच्यावर रंगाचे इतके थर बसले आहेत की ती बॉनेटचाच भाग झाली आहे.

तो आमच्याकडे कुठून आला, हे नीट सांगणारं आता कोणी नाही. आजोबांनी आणला एवढं नक्की. कोणी म्हणतं गुजरातकडच्या कुठल्याशा बंगल्याच्या बागेत होता, कोणी म्हणतं साक्रीच्या बाजाराहून बैलगाडीवर बांधून आणला. तो आला त्या दिवशी बघायला जमलेल्या लोकांत एक जण म्हणाला होता, "आबा, हाऊ ट्रॅक्टर शे का ट्रॅक्टरनं पिलू?" तेव्हा 'आबा' म्हणजे आजोबा. हे नावही बुटक्यासारखंच वारशानं आलं. आजोबा हसले नाहीत म्हणे. त्यांनी त्याला केळीच्या दोन ओळींमध्ये घातला आणि दुसऱ्या टोकाला काढून दाखवला. मोठा ट्रॅक्टर तिथं मावत नाही. तिथं बैल जातो नाहीतर बुटक्या.

माझी सगळ्यात जुनी आठवण त्याच्या मडगार्डवरची आहे. हिवाळा असावा, कारण आबांच्या डोक्याला मफलर होता आणि माझ्या हातात दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, भाकरीचा गरम तुकडा. बागेत शिरलं की आभाळ जातं. वरून पानं मिटतात, दोन्ही बाजूंनी खोडं, खाली ओली माती, आणि त्या हिरव्या अंधारात बुटक्याचा आवाज. डुग, डुग, डुग. त्यात मधूनच एक उचकी. उचकी आली की आबा स्टिअरिंगवर हलकीशी थाप मारायचे, लहान मुलाला खोकला आला की पाठीवर मारतात तशी. फाटकी पानं तोंडावरून सरसरत जायची आणि त्यांच्यावरचं दव मानेत उतरायचं. मला भीती वाटायची आणि उतरूही नये वाटायचं. ते दोन्ही एकदम वाटणं मला अजून नीट वेगळं करता येत नाही.

केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. सुरुवातीला पाण्यासारखा दिसतो, दुसऱ्या दिवशी काळा पडतो. माझ्या शाळेच्या गणवेशावर, पुढे कॉलेजच्या पहिल्या वर्षी घातलेल्या दोन्ही ड्रेसवर, बाह्यांच्या टोकाला ते डाग आहेत. पहिल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं होतं, शाई सांडली का. मी हो म्हणाले.

*

मे महिना बुटक्याच्या दुरुस्तीचा. वारा इतका तापलेला असायचा की दुपारी पाना हातात धरवत नसे. आबा पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. शेडमध्ये गोणपाट अंथरून त्यावर बुटक्याचे भाग मांडलेले असायचे, सोडले त्याच क्रमानं. मधे आईची पितळी परात, तिच्यात डिझेल आणि डिझेलमध्ये नटबोल्ट. ती परात आईच्या लग्नातली होती. एका मे महिन्यात ती शेडमध्ये गेली ती परत स्वयंपाकघरात आलीच नाही. आईनं बरेच दिवस विचारलं, मग पोळ्यांची कणीक स्टीलच्या परातीत मळायला लागली.

चोपड्याहून सलीम मिस्तरी यायचे. पिकलेली दाढी, खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर. आल्या आल्या कामाला लागायचे नाहीत. आधी बुटक्याभोवती एक फेरी, मग टाकीवर टिचकी, मग चहा. आबा म्हणायचे, "मिस्तरी, यंदा काय ते एकदाचं करी टाका." आणि सलीम मिस्तरी म्हणायचे, "आबा, ये गाडी नहीं, बुढिया है. इसको इलाज नहीं, खिदमत लगती है."

दुखणं दरवर्षी तेच. बुटक्या हवा धरायचा. रात्रभर उभा राहिला की सकाळी डिझेलच्या नळीत हवा भरलेली, आणि हवा भरली की इंजिन घेत नाही. मग एक नट ढिला करा, हातानं पंप दाबत बसा, फेसाळ डिझेल बाहेर येऊ द्या, फेस जाऊन सलग धार लागली की नट आवळा, आणि मग हँडल मारा. अर्धा तास जायचा. सलीम मिस्तरींनी वायसर बदलले, पंप खोलला, नोझल बदललं. एकदा तर आबा आणि मी नोझल आणायला साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावी गेलो. तिथं चिंचेखाली बुटक्याचा जुळा भाऊ उभा होता, मेलेला. सीटच्या भोकांतून गवत वर आलेलं. त्याचा म्हातारा मालक नोझल काढून देताना त्याच्या बॉनेटवरून हात फिरवत राहिला आणि आम्हाला म्हणाला, "तुमना चालस ना आजून? चालू द्या मंग." परतीच्या एसटीत आबांनी ते नोझल रुमालात बांधून मांडीवर धरलं होतं.

नवीन नोझल बसलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुटक्यानं पुन्हा हवा धरली.

*

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी करतात. जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळतात, उद्या जेवायला या म्हणून आमंत्रण देतात. आमचे बैल मी लहान असतानाच गेले. आबांनी खांदमळणी मोडली नाही. ते बुटक्याच्या दोन्ही मडगार्डना लोणी-हळद चोळायचे. दुसऱ्या दिवशी आई त्याच्यासमोर पुरणाच्या पोळीचा तुकडा ठेवायची, आणि तो तुकडा नंतर मी खायचे. पोळ्याला बुटक्या चालवायचा नाही, त्याला हँडल लावायचं नाही. अंघोळ घालायची आणि रंग द्यायचा. बैलांच्या शिंगांना देतात तो लाल रंग, पण शिंगं नसल्यामुळे आबा तो दिसेल तिथं लावायचे. बॉनेटला, टाकीला, नळ्यांना, नटांना. जुना रंग खरवडून काढायची पद्धत नव्हती. बैलाची शिंगं कोणी खरवडतं का, असं आबांचं म्हणणं. वर्षाच्या थरावर वर्षाचा थर.

दहावीच्या वर्षी पोळ्याला अंघोळ घालताना सीटखाली, टाकीच्या बुडाशी, माझ्या बोटाला एक लाल गाठ लागली. चामखिळीसारखी. मी नारळाच्या शेंडीनं घासली, मग आईच्या विळीच्या टोकानं. रंगाचे पापुद्रे निघाले, लाल, मग जरा वेगळा लाल, मग आजोबांच्या वेळचा कुठलासा शेंदरी, आणि आत पिवळं पितळ. तो डिझेलचा कॉक होता. टाकीतून नळीत डिझेल जातं तिथं बसवलेला, उघडायचा आणि बंद करायचा. त्याची मूठ कधीतरी तुटली असणार, आणि उरलेलं खुंट रंगाखाली गेलं. आबांना, सलीम मिस्तरींना, कोणालाच तो तिथं आहे हे माहीत नव्हतं. माझं बोट आत जायचं. मी खुंट दाबून फिरवलं, आणि ते फिरलं.

तेव्हा मी तो परत होता तसा ठेवला, आणि दुसऱ्या संध्याकाळी आबांनी बुटक्या बागेतून आणून उभा केल्यावर बंद केला. का, ते मला सांगता येणार नाही. बंद होतोय तर बंद करून बघू, एवढंच असावं. पुढच्या पहाटे उघडला आणि आबांच्या आधी हँडल मारलं. बुटक्या पहिल्या झटक्यात चालू झाला.

आता मला त्यातलं शास्त्र माहीत आहे. आम्हाला पहिल्या वर्षालाच होतं. नळीत कुठेतरी केसाएवढी चीर आहे. थेंबही गळत नाही, पण हवा आत येते, आणि नळी टाकीच्या वर असल्यामुळे रात्रभरात डिझेल उतरून परत टाकीत जातं. कॉक बंद असला की त्याला उतरायला वाट नाही. बस. नळी बदलली असती तर कॉकचीही गरज नव्हती. चीर कुठे आहे ते मी कधी शोधलं नाही. खरं म्हणजे शोधू दिलं नाही. त्यानंतर दर पोळ्याला ती बाजू रंगवायचं काम मी मागून घेतलं.

पण तेव्हा, त्या पहाटे, शास्त्र नव्हतं. बुटक्या डुगडुगत होता, शेडच्या पत्र्याला कंप सुटला होता, आणि आबा टॉवेल हातात घेऊन दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "कसा काय चालू व्हयना?"

मी म्हणाले, "माहीत नही. हँडल मारं, आनि व्हयना."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं त्या घरात तोपर्यंत कोणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

*

मग मी रोज संध्याकाळी कॉक बंद करायचे आणि सकाळी उघडायचे. गावभर झालं की आबाच्या पोरीच्या हाताला गुण आहे. शेजारचे लोक सकाळी चहाचा कप घेऊन बघायला यायचे. कोणी म्हणायचं, "आबा, बुटक्या म्युझियमले दी टाक, पोरले इंजिनेर कर." आबा म्हणायचे, "मनी मिस्तरीन शे ती. इंजन तिना हात वळखस." त्या मे महिन्यात सलीम मिस्तरी आले, त्यांनी फेरी मारली, टिचकी मारली, चहा घेतला. त्यांना करायला काही नव्हतं. जाताना माझ्याजवळ जरा वाकून म्हणाले, "बेटी, इसकी हवा का राज या तो अल्लाह जाने, या तू जाने." आणि हसले. मी त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही.

माझ्या वर्गातल्या मुली बारावीनंतर एकेक करून गेल्या. कोणी जामनेरला, कोणी शिरपूरला, हळदीच्या साड्यांमध्ये. आमच्याकडेही आत्या येऊन बसल्या. "आबा, पोरनं काही तरी देखा आते." आबा सुपारी कातरत होते. म्हणाले, "इले दी टाकसूत, आनि बुटक्याले कोन चालू करई? जवाई येई का हँडल माराले?" सगळे हसले. आत्याही हसल्या. पण विषय गेला. त्या वर्षी गेला, पुढच्या वर्षीही गेला. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. लोक म्हणतात आबांना शिक्षणाची किंमत कळली. असेलही. मला मात्र ते लाल खुंट आठवतं.

धुळ्याला जाताना एकच ठरलं, शनिवारी यायचं. तेव्हा मला ते फार वाटलं नाही. पुढे वाटायला लागलं. मैत्रिणी लळिंगचा किल्ला बघायला गेल्या, मी एसटीत होते. प्रयोगशाळेत रविवारचा जादा वर्ग लागला, मी सरांना खोटं कारण सांगितलं. बुधवारपासून आबांचा फोन सुरू व्हायचा.

"येस ना शनवारले?"

"येस आबा."

"मंग ठीक शे. मृगबागले माती लावनी शे." मृगबाग म्हणजे मृगात लावलेली केळी, तिच्या खोडांना माती चढवायला बुटक्या लागतो.

दर शनिवारी शेडमध्ये येऊन मी दार ओढून घेते, अर्धा तास बसून हवा काढते, नळी भरते, कॉक बंद करते. रविवारी सकाळी आबांच्या समोर येते तेव्हा बुटक्या तयार असतो. रविवारी निघताना कॉक उघडा ठेवावा लागतो, नाहीतर मधल्या वारी कोणी चालू करायला गेलं तर बंद कॉक सापडेल. म्हणजे मी गेले की नळीत हवा भरायला लागते, आणि मी एसटीच्या खिडकीशी बसून ते मनात ऐकत असते.

पहिल्या वर्षाची परीक्षा होती तेव्हा दोन शनिवार मी गेले नाही. आबांनी स्वतःच हवा काढली, स्वतःच हँडल मारलं, कितीदा मारलं कोणास ठाऊक. दमलेल्या हातात हँडल उलटं फिरलं. उजवं मनगट. चोपड्याला प्लास्टर घातलं, काढलं, पण मनगट आता पुरतं वळत नाही. भाताचा घास ते वाटीला तोंड लावून घेतात. मला हे परीक्षा संपल्यावर कळलं. आबा म्हणाले, "तुना पेपर व्हता ना. काय सांगत बठनार?" आणि वर म्हणाले, "बुटक्या तुनाशिवाय कोनलेच नही ऐकत. मना काय ऐकई?"

फोनवर एक वाक्य सांगायचं होतं. कॉक बंद करत जा. तेव्हापासून दोन वर्षं मी ते वाक्य दर शनिवारी घेऊन येते आणि दर रविवारी परत नेते.

तेव्हापासून बुटक्या फक्त रविवारी चालतो.

*

रविवारी सकाळी आबा हँडल डाव्या हातात घेऊन आले. टॉवेल डोक्याला गुंडाळलेला. "हं मिस्तरीन, चाल."

मी म्हणाले, "आबा, माले काही सांगनं शे." घरी आम्ही आबांना 'तू' म्हणतो. कागदावर लिहिताना मात्र मला ते 'ते' होतात.

"सांग ना."

"मना नागपूरले नंबर लागना. पुढे शिकाले. दोन वरीस."

आबांनी हँडल टॉवेलनं पुसलं. ते स्वच्छच होतं. "नागपूर. म्हंजे लांब शे."

"लांब शे."

"मंग रईवारले?"

"रईवारले नही जमनार, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बुटक्याकडे पाहिलं. "मंग ह्याले?"

मी त्यांच्या हातातलं हँडल घेऊन खाली ठेवलं. "आठे हात घाल," सीटखाली बोट दाखवत मी म्हणाले. त्यांना कळेना. मी त्यांचा उजवा हात धरला. मनगट वळत नसल्यामुळे कोपर उचलून, सगळा हातच फिरवून सीटखाली न्यावा लागला. त्यांचं बोट माझ्या बोटाखाली धरून मी ते खुंटावर ठेवलं आणि दाबून फिरवलं.

"हाऊ कॉक शे. संध्याकायले बंद करी देवानं, सकायले उघडानं. बस. मंग कोनाही हातखाले चालू व्हस."

बाहेर ठिबकची मोटार चालू होती. एक चिमणी पत्र्यावर टकटक करत होती.

"कव्हयपशी?" त्यांनी विचारलं.

"दहावीपशी."

मी माझा हात काढून घेतला होता. त्यांचा आतच होता. त्यांच्या दंडाची शीर हलताना मला दिसली. त्यांनी स्वतः कॉक एकदा उघडला, एकदा बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला.

"आबा, तुना हात..." मी सुरू केलं.

"चूप." आवाजात राग नव्हता. मला वाटतं राग असता तर बरं झालं असतं.

त्यांनी हात बाहेर काढला. नखात लाल रंगाचा पापुद्रा अडकला होता, तो त्यांनी पायजम्याला पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "नही बेटा. माले काही लागनं नही तठे."

"लागनं आबा. आतेच तुना हातखाले फिरनं ना."

"मना बोटले आते काही समजत नही. जाड व्हयी गयं. ते तुना हातनंच काम शे."

मी पुन्हा त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो पाठीमागे घेतला, लहान मूल खडू लपवतं तसा.

"कागद कोठे शे तुना?"

मी कागद दिला. त्यांनी तो मडगार्डवर ठेवला, बुटक्याच्या खांद्यावर, आणि पेन मुठीत धरून सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या आबांची सही एरवी सरळ रेषेत असते. आता ती उजवीकडे उतरत गेली आणि शेवटचं अक्षर कागदाच्या बाहेर जाता जाता थांबलं. कागद परत देताना ते म्हणाले, "आनि मना हातनं... तुनी मायले काही बोलू नको." मग लगेच, "नागपूरथून कव्हय येशी?"

"दिवाईले."

"दिवाईले मंग. तवलोंग तो उभा ऱ्हाई. तू उनी का चालू करशी."

"तवलोंग बाग?"

"कुदळ शे ना."

दिवाळीपर्यंत मृगबागेला दोनदा माती लावावी लागते. दोन हजार खोडं, एका हाताच्या कुदळीनं. मला ते म्हणायचं होतं. नळी बदलू, सलीम मिस्तरींना आज बोलावते, हेही म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं तर आबांनी हँडल उचलून माझ्या हातात दिलं.

"चाल. ऊन चढी ऱ्हायनं."

मी सीटखाली हात घातला. चालू करण्यासाठी तो त्यांच्यादेखत घालायची सहा वर्षांत ही पहिलीच वेळ. आबा त्या वेळी दाराबाहेर बघत होते, केळीची पानं वाऱ्यानं कशी फाटलीत ते. मी कॉक उघडला, हँडल लावलं, आणि बुटक्या पहिल्याच झटक्यात चालू झाला.

"देख," आबा मोठ्यानं म्हणाले, म्हणजे इंजिनावरून ऐकू यावं इतकं. "मी सांगत नव्हतू का."

ते सीटवर चढले, डाव्या हातानं स्टिअरिंग धरलं, आणि बागेत शिरले. दोन ओळी गेल्यावर टॉवेल दिसेनासा झाला. मी कागदाची घडी करून शेडच्या उंबऱ्याशी बसले. आवाज खोडांमधून लांब लांब गेला, बांधाशी जरासा थांबला, आणि मग वळून पुन्हा माझ्याकडे येऊ लागला.